गडग्यापलीकडचा होकार

शेजारच्या हापूसच्या बागेत बाबा मोसमभर आंबे काढायला जात. आंबा देठासकट उतरवावा लागतो, नाहीतर चीक ओघळून साल डागाळते. बाबांच्या हातचा आंबा कधी डागाळला नाही. मग बागवाल्याने नेपाळहून आलेला एक गडी ठेवला. तो बागेतच खोपीत राहायचा, राखणही करायचा आणि काढणीही. बाबांना बोलावणं यायचं बंद झालं.

मला त्या माणसाचा असा राग यायचा की वाटेत दिसला तर मी तोंड फिरवायचे. बाबा नुसते पडवीत बसून राहत. आई म्हणाली, आपलीच बारा कलमं आहेत, पेट्या भरून हायवेवर विकू.

"मी रस्त्यार बसान आंबे इकतलंय? लोक काय म्हणतले?" बाबा म्हणाले.

"लोक इचारतले, आंबे कशे दिलास?" आई म्हणाली.

जन्मभर दुसऱ्याच्या बागेत राबलेल्या माणसाला स्वतःच्या धंद्याची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी कसेबसे तयार झाले.

पहिल्या काढणीच्या सकाळी कलमाखाली नारळ ठेवून बाबांनी देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. शेजारच्या बागेत गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला होकार द्यायला वीस माणसं असायची. इथे आई आणि मी.

"बा देवा म्हाराजा, आज नव्या धंद्याक हात घातलंय, यश दी रे म्हाराजा!" बाबा म्हणाले. आमचा दोघींचा होकार जेमतेम आम्हालाच ऐकू आला.

तोच दगडी गडग्यापलीकडून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तोच नेपाळी, हात जोडून उभा. आमची भाषा त्याला येत नव्हती, पण होकार कुठे द्यायचा ते तो बागवाल्याच्या गाऱ्हाण्यात शिकला होता.

बाबा थांबले. मला वाटलं, आता शिवी हासडणार. पण ते पुन्हा नारळाकडे वळून म्हणाले,

"आणि मुलूख सोडून पोटासाठी हय इलेल्या ह्या माणसाकय बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तो पुन्हा म्हणाला. आपल्यासाठीच मागितलंय हे त्याला कळलंही नाही. आईने मला कोपराने ढोसलं, तरी त्या माणसासाठी माझ्या तोंडून होकार निघाला नाही.

आता बाबा नाहीत, धंदा मी चालवते. ती सकाळ फार आठवते. गाऱ्हाणं काका घालतात, आणि बाबांचं ते वाक्य मी त्यांना न चुकता म्हणायला लावते. त्या वाक्याला सगळ्यांच्या आधी होकार माझा असतो.