पोर्ट सैदचं पत्र

आरमोरीच्या दवाखान्यात सोमारी नावाची आया होती. आसपासच्या पन्नास गावांत जहाजात बसून विलायतेला जाऊन आलेली ती एकटीच बाई. मूळची ती आलापल्लीच्या पलीकडची, जंगलातल्या एका लहानशा गोंडांच्या गावातली. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा तापानं गेला आणि ती जंगलसाहेबाच्या बंगल्यावर कामाला लागली. मडमेचं तान्हं पोर तिच्याखेरीज कुणाजवळ राहीना. छत्तीस साली साहेब रजेवर मायदेशी निघाला तेव्हा त्या पोरासाठी सोमारीलाही नेलं. सात महिन्यांनी दुसऱ्याच एका साहेबाची लेकरं सांभाळत ती परत आली. पण गावात तिचं मन रमलं नाही. ती आरमोरीला आली, दवाखान्यात लागली आणि तिथंच राहिली.

लोक तिला जहाजवाली म्हणायचे. बाजाराच्या दिवशी कुणी थट्टेनं विचारलं, तरी ती नीट उत्तर द्यायची. एडनला पोरं होडीतून येतात, कुणी पाण्यात नाणं फेकलं की बुडी मारून दातात धरून वर आणतात. पोर्ट सैदला जादूवाले जहाजावर चढतात आणि लेकराच्या झबल्यातून कोंबडीचं पिल्लू काढून दाखवतात. तिच्या जहाजावर सहा-सात आया होत्या. दुपारी साहेबांची पोरं झोपली की त्या मागच्या डेकवर सावलीत बसत आणि कुठल्या बंदरात काय जपायचं ते एकमेकींना सांगत. त्यांतली मद्रासकडची एक म्हातारी आया अकरा वेळा जाऊन आलेली. सोमारीला जे ठाऊक होतं त्यातलं निम्मं त्या म्हातारीचं होतं.

या ठाऊकपणाची खरी गरज छप्पन्न साली पडली. आरमोरीतल्याच वारलूची पोरगी कौतिका नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नर्सचं शिकली होती. पुढच्या शिक्षणासाठी तिला विलायतेला पाठवायचं तिथल्या मेट्रनबाईंनी ठरवलं. वारलू धानाचा शेतकरी, चौथी शिकलेला, शांत माणूस. त्यानं नाही म्हटलं आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. त्याची बायको रुखमाबाई रडत राहिली. शेवटी कौतिका सोमारीकडे आली. सोमारी त्यांच्या घरी गेली, ओसरीवर बसली आणि वारलूला म्हणाली, "वारलूभाऊ, मले तर अक्षर येत नोहतं, तरी मी जाऊन आली. हिले तर सारं येते." वारलूनं आठ दिवस विचार केला आणि हो म्हटलं. सोमारी परत आली होती, एवढाच आधार त्याच्याजवळ होता.

मग निघण्याआधी तीन दुपारी सोमारीनं कौतिकाला समोर बसवून सगळं सांगितलं. पहिले दोन दिवस पोट उपाशी ठेवायचं नाही, कोरडे मुरमुरे खायचे, लिंबू हुंगत राहायचं. चक्कर आली की खाली पाण्याकडे पाहायचं नाही, पाणी जिथं संपतं तिथं पाहायचं. लाल समुद्रात ओला पंचा अंगावर घेऊन निजायचं. एडनला उतरलं तरी चालेल. पोर्ट सैदला मात्र एकटीनं उतरायचं नाही. आणि प्रत्येक बंदरात पत्र टाकायचं. हे शेवटचं तिनं इतक्यांदा सांगितलं की कौतिका हसायला लागली.

"हासू नोको," सोमारी म्हणाली. "दोन अक्षरं लिवजो, पण टाकजो."

रुखमाबाई दाराशी बसून ऐकत होती. पत्र किती दिवसांत येईल, असं तिनं विचारलं. सोमारीनं बोटं मोजली. जहाज सुटल्यापासून पंधरा दिवसांत एडनचं, आणि त्यानंतर आठवड्यात पोर्ट सैदचं. रुखमाबाईनं ते मनात पक्कं धरलं.

दसरा झाल्यावर कौतिका निघाली. वारलू तिला वडश्याहून रेल्वेनं नागपूरला आणि पुढं मुंबईला घेऊन गेला. पंचवीस ऑक्टोबरला जहाज सुटलं. वारलू परत आला तो जहाजाबद्दल फार काही सांगेना. लय मोठं होतं, एवढंच म्हणाला.

पाच-सहा दिवसांनी तांदळाच्या गिरणीतल्या रेडिओवर मिस्र, म्हणजे इजिप्त देशात लढाई सुरू झाल्याची बातमी आली. दिवाळी तोंडावर होती. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, लवकर येणारा हलका धान कापायला आलेला. आपला जिल्हा आता मुंबई राज्यात गेला, याचीच बोलणी सगळीकडे चालली होती. पण गिरणीवाल्याला कौतिकाचं ठाऊक होतं. त्यानं वारलूला बोलावून घेतलं. सुवेजच्या कालव्यात जहाजं बुडवली, विलायतेची वाट बंद झाली, असं रेडिओ सांगत होता. वारलू घरी आला आणि बायकोला काही न सांगता बैलांना वैरण घालत बसला. दिवाळीचे दिवे लागले, पण पोरगी घरी नाही म्हणून रुखमाबाईनं करंज्या केल्या नाहीत.

लपवून किती दिवस लपणार. नागपूरचं वर्तमानपत्र एक दिवस उशिरा यायचं. त्यात सहा नोव्हेंबरनंतर पोर्ट सैदचं नाव मोठ्या अक्षरांत आलं. विमानांनी बाँब टाकले, शहर जळतं आहे. पाणवठ्यावर कुणीतरी ते रुखमाबाईला सांगितलं. ती घागर तिथंच ठेवून दवाखान्यात आली. सोमारी बाळंतिणीच्या खोलीतल्या चादरी गोळा करत होती.

रुखमाबाईनं विचारलं, "तू सांगतलं होतं, तेच हाय का हे पोर्ट सैद?"

दुसरं असेल, असं म्हणावं हे सोमारीच्या ओठापर्यंत आलं. पण खोटं पुढं नेणं तिला कधी जमलं नव्हतं. ती म्हणाली, "तेच."

रुखमाबाई तोंड फिरवून निघून गेली.

आणि त्याच आठवड्यात एडनचं पत्र आलं. पोस्टमन लच्छूनं ते अंगणात उभं राहून वाचून दाखवलं. कौतिकानं लिहिलं होतं की मुरमुरे कामी आले, तब्येत ठीक आहे, आज संध्याकाळी जहाज सुटेल, चार-पाच दिवसांत पोर्ट सैदला पोचू, तिथून पत्र टाकते. खाली तारीख होती तीस ऑक्टोबर. वारलूनं बोटांवर हिशेब केला. म्हणजे तीन-चार तारखेला पोरगी तिथं पोचली असणार. बाँब पाच-सहाला पडले.

त्या दिवसापासून रुखमाबाईनं अन्न सोडलं. नवस केला नाही, कुणाला सांगितलं नाही, नुसतं ताट सरकवून द्यायची. वारलू एकटाच बांधीत धान कापायला जाई. सोमारी एकदा त्यांच्या घरावरून जात होती. तेव्हा ओसरीवरून रुखमाबाई म्हणाली, "तू आली नसती आमच्या घरी, तर माही पोरगी आज इथी असती." आवाज चढलेला नव्हता. सोमारी उभी राहिली आणि मग चालू लागली. बोललेल्या गोष्टीत खोटं काही नव्हतं.

त्यानंतर तिला कामात चैन पडेना. औषधाच्या बाटल्या धुताना मनात एकच चाले. जहाज कालव्यात शिरलं असेल का, की बाहेर थांबलं असेल. तिला आठवत होतं ते पोर्ट सैद म्हणजे किनाऱ्यालगतची उंच पांढरी घरं आणि डोक्यावर टोपल्या घेऊन ओरडणारे विकणारे. ते जळतं आहे हे तिच्या डोळ्यांसमोर येईना, आणि आलं की त्यात निघताना कौतिकानं पांघरलेली निळी शाल दिसे. गिरणीवर जाऊन ती रेडिओ ऐके, पण त्यात जहाजांची नावं येत नसत. वाट पाहत बसण्यापेक्षा आपण जावं, असं तिनं ठरवलं. डॉक्टरांकडून चार दिवसांची सुटी घेतली आणि बसनं वडश्याला, तिथून नागपूरला गेली.

दवाखाना शोधायला तिला अर्धा दिवस लागला. मेट्रनबाईंनी तिचं ऐकून घेतलं. त्याही काळजीत होत्या, त्यांनाही खबर नव्हती. त्यांनी मुंबईला जहाजाच्या कचेरीत तार केली आणि सोमारीला दवाखान्याच्या व्हरांड्यात थांबायला सांगितलं. दोन दिवस ती तिथं बसून होती. तार घेऊन शिपाई आला की ती उठून उभी राही. दुसऱ्या दिवशी दुपारी मेट्रनबाई स्वतः बाहेर आल्या. जहाज कालव्यात गेलंच नव्हतं. लाल समुद्रातून मागं वळवून ते आफ्रिकेला वळसा घालून चाललं होतं, सगळे उतारू सुखरूप होते. सोमारीनं तो कागद मागून घेतला, पदरात बांधला आणि रात्री स्टेशनवर जाऊन बसली, सकाळची गाडी चुकू नये म्हणून.

मेट्रनबाईंनी तारेखाली मराठीत लिहून दिलेलं वारलूनं वाचलं आणि डोळे पुसले. रुखमाबाईनं मात्र कागद हातातही घेतला नाही. तारेवर पोरीचं अक्षर नव्हतं. तिला धीर द्यायला नवराही खोटा कागद आणेल, ही तर परकी बाई होती. आणि त्या वाटेवर बंदरं कोणती, किती दिवस लागतात, असं तिनं विचारलं, तेव्हा सोमारीला सांगता येईना.

"त्या बाजूचं मले काई ठाऊक नाई," ती म्हणाली.

"मंग तुले ठाऊक तरी काय हाय?"

सोमारी ओसरीवर बसली. वारलू गोठ्याकडे गेला. ताट सकाळपासून झाकलेलंच होतं. तिनं ते पुढं ओढलं आणि मग आजवर आरमोरीत कुणालाही न सांगितलेली गोष्ट रुखमाबाईला सांगितली. जहाजावरून तिनं मद्रासवाल्या म्हाताऱ्या आयेच्या ओळखीच्या माणसाकडून एकच पत्र लिहवून घेतलं होतं, बंगल्याच्या पत्त्यावर. ते पोचलं की नाही, कुणी वाचलं की नाही, देव जाणे. घरी खबर गेलीच नाही. पावसाळा संपला तसं गावानं धरलं की पोरगी समुद्रात गेली. बाप कोलूनं तिचं दिवसपाणी केलं, गावाच्या वाटेवर, मेलेल्या माणसाचा करतात तसा, तिच्या नावाचा दगड उभा केला. ती परत आली तेव्हा तो दगड पाहूनच गावात शिरली. बाप दारात होता. आई नव्हती.

"माही माय अशीच ताट सारत होती," सोमारी म्हणाली. "मी येवाच्या दोन महिने आधी गेली. मी जित्ती होती, रुखमाबाई. मी तिकडं दोन वेळ जेवून राह्यली होती."

रुखमाबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग सोमारीनं भाताचा घास तिच्या हातात दिला. रुखमाबाईनं तो खाल्ला. चार घासच खाल्ले, पण खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून सोमारी दवाखान्यातून सुटली की तिथं येऊन बसू लागली. जवळ बसून जेवू घालायची आणि जायची. रुखमाबाईचा राग गेला होता असं नाही. ती तोंडातून शब्द काढत नसे. पण ताट सारत नसे.

असे बारा-तेरा दिवस गेले. डाकेची बस दुपारी यायची. त्या वेळेला रुखमाबाई अंगणात काही ना काही काम काढे. लच्छूनं आपल्या परीनं दुरूनच मान हलवायची सवय केली होती, नाही म्हणून. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी त्यानं मान हलवली नाही. सायकल अंगणात आणली. पाकिटावर अनोळखी तिकीट होतं.

पत्र मोंबासाचं होतं. लच्छू वाचू लागला. लाल समुद्रात दोन दिवस वर गेल्यावर अचानक सूर्य दुसऱ्या बाजूला आला, तेव्हा कळलं की जहाज वळलं. कुणी काही सांगेना. लोक घाबरले, एक बाई तर गळ्यात तरंगायचा पट्टा बांधूनच जेवायला येई. मग कप्तानानं सगळ्यांना बोलावून सांगितलं. आता फार लांबून जायचं आहे, अजून महिनाभर तरी लागेल. मोंबासाला आंबे आणि शहाळी मिळतात. ‘माय-बाबा, तुम्ही काळजी करत असाल. पोर्ट सैदवरून पत्र टाकते असं लिहिलं आणि टाकता आलं नाही, त्याचंच मला रोज वाईट वाटतं. सोमारीबाईला सांगा, तिनं सांगितलेलं बंदर आलंच नाही. हे सगळं मला नवं आहे.’

रुखमाबाईनं पत्र हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पोरीचं अक्षर ती ओळखत होती. बोट फिरवून तिनं ते दोनदा पाहिलं. मग लच्छूला बसायला सांगितलं, त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि वारलूला बांधीतून बोलवायला स्वतः धावत गेली. सोमारीला दवाखान्यात ही खबर लच्छूकडूनच कळली. ती हातातली चादर पिळत होती. पिळून दोरीवर टाकली आणि दोरीला धरून थोडा वेळ उभी राहिली.

कौतिका डिसेंबरात पोचली. तीन वर्षं शिकली आणि एकोणसाठच्या हिवाळ्यात परत आली. तोवर कालवा पुन्हा सुरू झाला होता, येताना ती पोर्ट सैदला उतरलीसुद्धा, चार नर्सांबरोबर. सुटीत आरमोरीला आली की संध्याकाळी ती सोमारीकडे बसे. दोघींची बोलणी चालत. केपटाऊनचा डोंगर वरून कापल्यासारखा सपाट कसा, तिथल्या गोऱ्यांच्या राज्यात आम्हाला का उतरू दिलं नाही, त्या दक्षिणेकडच्या समुद्रात लाटा किती. आता सोमारी विचारायची आणि कौतिका सांगायची. पोर्ट सैदची पांढरी घरं आहेत का अजून, असं सोमारीनं एकदा विचारलं. काही आहेत, काही पडलीत, कौतिका म्हणाली. जादूवाला मात्र चढला होता जहाजावर.

रुखमाबाई सोमारीला घरचं माणूस मानू लागली होती. सणावाराला तिच्यासाठी ताट वेगळं काढून ठेवायची. पण या गप्पांत ती कधी बसली नाही. जहाजाचं नाव निघालं की तिला गोठ्यात काहीतरी काम आठवायचं, आणि बोलणं दुसऱ्या विषयावर जाईपर्यंत ती तिकडेच राहायची.