सुट्टीच्या दिवशीचा बिल्ला

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं बस चालवतो आहे. माझं ऐकायचं नाही, हा त्याचा नियम त्याहून जुना. निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्याच्या हातात नोटीस पडली, तीही एका फोटोपायी.

एका फोटोग्राफर मुलीला बसवाल्यांचे निवांत क्षण टिपायचे होते. प्रदर्शनात भावाचा फोटो चांगला दाराएवढा मोठा लावला होता. आगारात उभी गाडी, ड्रायव्हरच्या सीटवर हा, छातीवर बिल्ला आणि डोळे मिटलेले. आगारप्रमुखांनी तो पाहिला. बिल्ला लावला म्हणजे ड्युटी, आणि ड्युटीवर झोपला म्हणजे स्टिअरिंग बंद. उरलेले महिने टेबलावर कागद चाळत काढायचे. त्या विचारानेच भावाला जेवण जाईना.

"खुलासा लिही की," मी म्हणाले.

"काय लिहू? त्या दिवशी माझी सुट्टी होती."

"मग तेच लिही."

"ताई, सुट्टीच्या दिवशी बिल्ला लावायचा नसतो."

"मग लावलास कशाला?"

"फोटो होता ना. बिल्ल्याशिवाय मी कोण? भाजी आणायला निघालेला म्हातारा."

"आणि सुट्टीच्याच दिवशी कशाला गेलास?"

"कामाच्या दिवशी निवांत क्षण असतो कुठे?"

मी कपाळाला हात लावला. बरं, तारीख विचारली तर म्हणे, उकडत होतं एवढं आठवतं. त्या मुलीचा नंबर जुन्या फोनबरोबर गेलेला.

तारीख माझ्याकडे होती. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय साठ वर्षांत सुटली नाही. आमचे हे होते तेव्हा त्यावरून मला फौजदार म्हणायचे. वही काढली. दहा तारीख, मंगळवार: "भावाची सुट्टी. बिल्ला घासूनपुसून फोटोला गेला. इस्त्री चालूच ठेवून गेला."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी त्याच्याबरोबर आगारात गेले. साहेबांनी तारीख हजेरीपुस्तकाशी ताडून पाहिली आणि नोटिशीवर 'रद्द' लिहिलं. बिल्ल्याबद्दल दोन शब्द सुनावले, तेवढंच. वही घ्यायला मी हात पुढे केला, तर ते पुढची नोंद वाचत होते.

"बुधवार. आज पुन्हा चष्मा घरी विसरून गाडीवर गेला. सांगून सांगून जीभ झिजली."

डोळे तपासून दाखला आणेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं साहेबांनी सांगितलं.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, एखाद्या दिवशी काही घडलंच नाही असं लिहिलंस तर काय बिघडेल?"

"चष्मा कुठाय?"

त्याने खिसे चाचपले. चष्मा घरी होता.