उशीखालची सुकट
तव्यावर सुकट भाजायला टाकली, की तो वास नाकात जाताच मी अजूनही खिडकीकडे बघते. करावे गावातलं आमचं तळमजल्याचं घर, खिडकी थेट गल्लीवर, आणि आमचा कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर भुंकायचा. वरच्या भाडेकरूंच्या मुलीची बारावी होती, रोज कुरबुर. "गप झाला नाही तर जासईला मामाकडे सोडून येतो," हे म्हणाले. मग मी सुकट घेऊन खिडकीशी बसू लागले. माणूस दिसूनही कुत्रा गप राहिला, की चिमूटभर सुकट. माझ्यासमोर अगदी शहाणा, पण मी स्वयंपाकघरात वळले की पुन्हा घसा फोडून भुंकायचा. डोकं उठलं होतं. एका दुपारी सासूबाईंची चादर बदलताना उशीखाली सुकटीची पुडी सापडली. कंबर मोडल्यापासून त्या आतल्या बिनखिडकीच्या खोलीत पडून होत्या. तो भुंकून आत धावला, की त्या त्याला खाऊ घालायच्या! "अहो आई, अशानं तो जाईल ना जासईला!" मी भडकले. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मावरंवाली आली का वेगला भुकतंय, दूधवाला आला का वेगला. तो गप ऱ्हायला का मना वाटतं, सगला गाव मेला." मी पुडी होती तिथे ठेवली आणि संध्याकाळी वरच्या मुलीला अभ्यासाला, भुंकणं पोचणार नाही अशी आमची मागची खोली उघडून दिली. आता सासूबाई नाहीत, कुत्राही नाही. गल्लीत पावलं वाजली, की तवा तसाच टाकून कोण गेलं ते बघायला मीच उठते.