घोडीच्या शेपटीचा केस

पेट्रोल घोंगडीतून गाळावं, ही अक्कल धनगराशिवाय कुणाला सुचणार? गाळायचं मऊ कातडं उंदरांनी पळवलेलं, बारामतीच्या मोटार-अड्ड्यावर दुसरं मिळेना. बिरूनं आपली घोंगडी नरसाळ्यावर धरली. लोकर त्याच्या बायकोनं, बानूबाईनं कातलेली. त्यातून कचरा जाईल ही शंकाच नको. कचरा गेला नाहीच. गेली ती लोकर.

दिवसही नेमका परीक्षेचा. आजवर बिरू क्लीनर. आज उतारूंनी भरलेल्या सर्व्हिस मोटारीचं चाक हातात देऊन मालक आबासाहेब स्वतः शेजारी बसले होते. बाजार भरायच्या आत इंदापूर गाठलं तर तो ड्रायव्हर. नाहीतर भावाची मेंढरं होतीच.

पिंपळीच्या पुढं चढाला मोटार खोकली आणि गप्प झाली. बिरूनं कार्बुरेटर खोलला. खालच्या वाटीत पेट्रोल होतं. अडलं होतं ते पुढं, इंजिनाला घोट-घोट पाजणाऱ्या पितळी जेटमध्ये. भोक मोहरीहून बारीक. फुंकून गाल दुखले, लोकर हलेना. तारेनं टोचावं, तर भोक रुंद होऊन गाडी जन्मभर ढोसत बसणार. ताठ केस हवा होता.

तेवढ्यात मागून जोतीरामचा टांगा आला. सालापूर्वी हे सगळे उतारू त्याचेच. ठमाबाईनं तर पेरूची पाटी उचलून टांग्याची वाट धरलीसुद्धा. बिरूनं आडवं जाऊन घोडीच्या शेपटीचा एक केस मागितला.

जोतीरामनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उतारू नेलंस, आता शेपूट बी न्यायला आलास व्हय?"

"एकच केस, तात्या. तुमाला शेजारी बसवून इंदापूर दावतो."

जोतीराम रिकाम्या टांग्याकडं बघत राहिला. मग उतरला, घोडीच्या कानाशी काही पुटपुटला आणि एक लांब केस उपटून दिला. वर ठमाबाईलाही परत पाठवलं. टांग्यानं गेलीस तर उठल्या बाजारात पोचशील, म्हणाला.

केस ओवला, बानूबाईची लोकर बाहेर आली, मोटार बोलू लागली. इंदापुरात पाट्या अजून मांडल्या जात होत्या. घोंगडी उद्यापासून अंगावरच घ्यायची, एवढं बजावून आबासाहेब उतरले. चाक बिरूकडं राहिलं.

आता वाटेत टांगा दिसला, की बिरू मोटार थांबवून शेजारची जागा फडक्यानं झटकतो. जोतीरामचा हात घोडीच्या मानेवर जातो.

"ऱ्हाऊ दे रं. ही म्हातारी झाली म्हंजी बसंन."

घोडी केव्हाच म्हातारी झाली आहे. ते बिरूला दिसतं. पण बोलायचं कसं? तो जागा तशीच रिकामी ठेवून पुढं जातो.