मुनीरने भरलेला अकरावीचा फॉर्म

ज्या माणसाने माझ्या पोरीचा अकरावीचा फॉर्म चुकीचा भरला, तो आज सकाळी गेला.

मुनीर. दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसायचा. मिरजगावात स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. हार्ट अटॅक. वय सत्तेचाळीस.

आम्ही दोघं दहावीला गणितात एकत्रच नापास झालो.
मी मोटर रिवाइंडिंगमध्ये पडलो. तो कॉम्प्युटर शिकला आणि आसपासच्या सगळ्या गावांतली पोरं कॉलेजात घालत बसला.

गेल्या वर्षी आमच्या सानिकाला दहावीला चौऱ्याऐंशी टक्के पडले.
चौऱ्याऐंशी म्हणजे सायन्स, सायन्स म्हणजे डॉक्टर. यावर आमच्या घरात चर्चा झाली नाही.
सानिकाला कुणी विचारलंच नाही. कुणी म्हणजे मी.

मुनीरकडे गेलो. दुकानात मरणाची गर्दी, लाइट येऊन-जाऊन.

"कॉलेज गावातलंच ना?"
"व्हय. सायन्स टाक."

स्क्रीनवर एकाच कॉलेजच्या तीन ओळी. एक आर्ट्सची, एक कॉमर्सची, एक सायन्सची.

पहिली लिस्ट लागली. मोबाईलवर मेसेज आला.
कॉलेज गावातलंच. शाखा आर्ट्स.

मी पान्हा घेऊनच त्याच्या दुकानात शिरलो. मारायला नव्हे, काम करत होतो म्हणून हातात राहिला. पण लोक आपोआप बाजूला झाले.

"मुन्या, हे काय करून ठेवलं?"

त्याने मेसेज वाचला. परत वाचला.
"सायन्सची सोडून आर्ट्सची ओळ टिक झाली. चूक झाली माझी."
"मग बदल."
"बदलता येत न्हाई. पहिली पसंती लागली की ॲडमिशन घ्यायचंच. न्हाई घेतलं तर पार शेवटच्या फेरीपर्यंत घरी बसायचं."

यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. फ्रेंडलिस्टमध्ये माझे सासरे आहेत.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेवटच्या फेरीत सायन्स मिळंल. मी सोता येतो कॉलेजात तुझ्यासंगं. पण आदी पोरीला घिऊन ये. तिला विचारल्याबिगर मी आता बटनाला हात लावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सानिकाला घेऊन गेलो. त्याने मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "तू बोलायचं न्हाई."

मग तिला विचारलं, "बेटा, सायन्ससाठी थांबायचं का?"

ती कीबोर्डकडे बघतच म्हणाली,
"काका, आर्ट्सच राहू द्या. मला भूगोल आवडतो. मेसेज आला तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन हसले."

माझ्या घरात माझी पोरगी हसली आणि मला पत्ता नाही.

"आणि डॉक्टर?" मी स्टुलावरूनच विचारलं.
"पप्पा, मला रक्त बघून चक्कर येते. तुमचं बोट पंख्यात सापडलं तेव्हा तुमच्याआधी मीच पडले होते."

हे खरं होतं. त्या दिवशी दवाखान्यात मला दोन टाके आणि तिला सलाइन.

मुनीर माझ्याकडे वळला. "ऐकलं का? आता जा आन् ॲडमिशन घे."

घेतलं.

यंदा तिने प्रोजेक्टसाठी शिवारातल्या विहिरी मोजल्या. टेपचं दुसरं टोक धरायला मी. वीस वर्षं मी त्याच विहिरींतल्या मोटारी काढतोय. ओढ्याच्या अलीकडच्या विहिरी आधी का आटतात, ते मला तिने चिखलात काडीने चित्र काढून समजावलं. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा न चिडता सांगितलं.

मग लोक म्हणायला लागले, मुनीरने पोरीचा कल बरोबर ओळखला. मीपण चार ठिकाणी तसंच सांगितलं.
तोच ऐकायचा नाही.
"कसला कल? माऊस घसरला."
कौतुक करणाऱ्याला असा तोंडावर पाडायचा.

आता एक गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

फॉर्म लॉक करायच्या आधी मुनीरने मला प्रिंट दिली होती. "नीट वाच, मग सही कर."
मी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होतो. सही केली. वाचलं नाही.

ती सही केलेली प्रिंट त्याच्या फायलीत होती. मी भरल्या दुकानात त्याला नाही नाही ते बोलत होतो, तेव्हा ती फाइल त्याच्या हाताखालीच होती. नुसती उघडली असती तरी मी गप झालो असतो.

त्याने उघडली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.
आणि मीही विषय काढला नाही.

दुपारी नमाजनंतर माती दिली. सानिका अजून मुनीरच्या घरी भाभींजवळ बसून आहे.

मुनीर, चूक आपल्या दोघांची होती. बोलणी तू एकट्याने खाल्लीस. हे तुला समोर बसून सांगायला हवं होतं, वर्षभर रोज तुझ्या दुकानावरून जात होतो.

माफ कर दोस्ता. शांत झोप.