होळीवर चढलेलं टेबल

तुमच्या गल्लीच्या होळीत काय काय जळतं, हे तुम्ही कधी वाकून पाहिलंय का?

मीही पाहिलं नव्हतं. धारवाडच्या मळमड्डीत, आमच्या गल्लीत, होळीचं लाकूड चोरूनच आणायचं अशी रीत. एकदा ढिगावर चढलं की ते कामण्णाचं, म्हणजे होळीत जळणाऱ्या कामदेवाचं, परत मागायचं नाही. कुणाची फळी जायची, कुणाचं फाटक. ज्याचं गेलं तोही हसायचा.

तीन वर्षांपूर्वी मी कॉलेजात होते. आईवडील चळवळीतले, पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. होळीच्या सकाळी धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्याबाहेर पत्रकं वाटून आले होते: कामावरच्या बायकांना बसायला स्टूल द्या. दुपारी गल्लीतली मुलं लाकडं शोधत होती. मीच म्हणाले, "इस्त्रीवाल्या अक्कांच्या मागच्या भिंतीला मोडकं टेबल आहे. घ्या."

ते मोडकं नव्हतं. एक पाय ढिला झाला म्हणून उलटं करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सुतार येणार होता.

संध्याकाळी अक्का ढिगाजवळ आल्या. अळणावरकडच्या, एकट्या राहणाऱ्या. कोळशाच्या इस्त्रीवर त्यांचं पोट. टेबलाचे पाय वर आले होते.

"अण्णा, तेवढं काढून द्या. पाडवा पंधरा दिवसांवर आलाय, घरात गठ्ठे पडलेत."

होळीचं सगळं बघणारे अण्णा निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "चढलेलं उतरत नाही, अक्का. वर्षभर कपड्यांना चटके देता, आज टेबलालाही बसू दे."

लोक हसले.

"मग उद्यापासून कामण्णा येईल काय इस्त्रीला?"

त्या माझ्याकडे वळल्या. "तू तरी सांग गं, तंगी. लिहिणारी आहेस." तंगी म्हणजे धाकटी बहीण.

काही बोलायचं तर टेबल मी दाखवलं हे आधी सांगावं लागलं असतं. अण्णांनी काडी ओढली, मुलांनी बोंब ठोकली. सगळ्यांबरोबर मीही तोंडावर हात नेला.

अक्कांनी चार दिवस जमिनीवर घोंगडी पसरून, ओणव्यानं इस्त्री केली. पाचव्या दिवशी कंबर धरली. गठ्ठे तसेच घरोघर परत आले. पाडव्याला आमच्या गुढीवर चुरगळलेली साडी होती. कडुलिंब आणि गूळ हातावर ठेवताना आईनं विचारलं, "अक्का दिसत नाहीत?" खोलीला कुलूप होतं. कुणी म्हणे अळणावरला गेल्या, कुणी म्हणे बेलूरला झाडलोट करतात. मी शोधायला गेले नाही. टेबलाबद्दल आईलाही आज, हे वाचूनच कळेल.

यंदा होळी पेटण्याआधी ढिगापाशी जा. वाकून बघा. कुणाच्या कामाची वस्तू दिसली तर ओढून काढा आणि ज्याची त्याच्या दारात नेऊन ठेवा. तुमच्या गल्लीतले अण्णा हसतील, हसू द्या.