खिडकीतून पाहिलेली प्रयोगशाळा

ती घटना आजही आठवते, पण त्यात मी नेमकं भलं केलं की वाईट, हे अजून उमगलेलं नाही.

सुरतेत गोडादऱ्याजवळच्या एका खासगी शाळेतून सूक्ष्मदर्शक यंत्र चोरीला गेलं. मी त्या ठाण्यात पीएसआय होतो. प्रयोगशाळेचा पंचनामा करून परतलो, तोच निनावी फोन आला. "आठवीतली ती बौद्ध वस्तीतली मुलगी बघा. फुकट प्रवेशवाली." स्टेशन डायरीत नोंद केली. खबर देणारा पुराव्याआधी वस्ती सांगू लागला की मी सावध होतो.

मुलगी अल्पवयीन, तिला ठाण्यात आणता येत नव्हतं. महिला कॉन्स्टेबलला घेऊन साध्या कपड्यांत घरी गेलो. वडील लूमवर कामाला, मूळचे धुळ्याकडचे. मी काही विचारायच्या आतच मुलगी गुजरातीत म्हणाली, "में ज लीधुं." मीच घेतलं.

आईनं तिचा हात धरून तिला मागं ओढलं.

नाकारणारे खूप पाहिले होते. न विचारता कबूल करणारं हे पहिलंच.

"कुठल्या कपाटातून काढलंस?"

"समोरच्या भिंतीजवळच्या."

समोरच्या कपाटात नुसत्या बाटल्या होत्या. यंत्राचं कपाट दाराच्या आड होतं.

"तू आत कधी गेली होतीस?"

"कधीच नाही. आम्हा तिघांना सर बाहेर थांबवतात. खिडकीतून बघायचं."

"फुकट प्रवेशाच्या सगळ्यांना?"

"नाही. आमच्या वस्तीतल्यांना."

"मग घेतलं असं का म्हणालीस?"

"वर्गात सगळे तेच म्हणत होते. नाही म्हटलं तर कोण मानणार होतं?"

कपाटाची किल्ली विज्ञानाच्या शिक्षकांकडे असे. त्यांनी आधी मला वस्तीतल्या मुलांच्या संस्कारांवर ऐकवलं. फोन मात्र पर्वत पाटियाच्या एका दुकानातून आला होता आणि त्याच दुकानाच्या वर त्यांचा खासगी क्लास होता. यंत्र तिथंच सापडलं.

"परत ठेवणारच होतो," ते म्हणाले. "बोभाटा झाला, घाबरलो."

"मुलीचं नाव का घेतलंत?"

"तिनं घेतलं म्हटल्यावर कोणी पुरावा मागितला नसता."

चोरी उघडकीला आली आणि माझा गोंधळ सुरू झाला. मुलांना बाहेर ठेवल्याची फिर्याद द्यायची का, हे विचारायला पुन्हा त्यांच्या घरी गेलो.

"जाऊ द्या साहेब," वडील म्हणाले. "तिला त्याच शाळेत बसायचंय."

"पप्पा, लिहू दे ना त्यांना," मुलगी म्हणाली.

मला दोघांचंही पटत होतं. शेवटी आईनंच पुढं होऊन फिर्यादीवर सही केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला, तपास एसीपींकडे गेला.

शाळेनं वस्तीतल्या बाकी दोघांना प्रयोगशाळेत घेतलं. या मुलीशी मात्र वर्गात कोणी बोलेना. दिवाळीनंतर वडिलांनी तिला दुसऱ्या शाळेत घातलं. तिथं प्रयोगशाळाच नव्हती.

चोरीचा माल परत कसा द्यायचा, ते आम्हाला शिकवलेलं असतं. इथं काय परत द्यायचं होतं आणि कोणी? सही करायला नको म्हणालो असतो तर ती दोघं अजून खिडकीशीच असती. सही होऊ दिली, तर ही आतबाहेर कुठंच राहिली नाही.

निवृत्तीनंतर एकदा भाजी घेताना तिचे वडील भेटले. मी विचारलं, "आपलं चुकलं का हो?"

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मलाबी समजत नाही साहेब. पण पोरगी आता कोणी दटावलं तरी उगाच हो म्हणत नाही."